पिनवाली

३ एप्रिल

दिपमाला म्हणजे माझी नात. नाशिकला नर्सिंग शिकते. होळीला आली तेव्हा औषधाच्या कंपनीची ही डायरी देऊन गेली. म्हणे, "आजी, रोजचं बीपी ह्यात लिहायचं." बीपीचं काय लिहायचं? आहे, आणि मी आहे तोवर राहील. पानं चांगली गुळगुळीत आहेत, आकड्यांनी नासवायला जीव होत नाही. म्हणून मी ह्यात वाचलेलं लिहिणार.

माझी शाळा तिसरीत सुटली. वाचायची खोड सुटली नाही. जोडाक्षर आलं की अजून ओठ हलतात. उषा म्हणते, "आई, तुम्ही वाचताना सुपारी चघळत असल्यासारख्या दिसता." उषा माझी सून. बी.ए. झालेली आहे, आणि ह्या घरात आल्यापासून तिच्या हातात पुस्तक म्हणून मी पाहिलेलं नाही. बी.ए. कशात केलं देव जाणे. बहुतेक फोडणीत.

वाचनालय दोन गल्ल्यांवर आहे, पण त्याचा जिना माझ्या गुडघ्यांना मान्य नाही. उषा भाजीला जाते तेव्हा पुस्तक बदलून आणते. तिथले लीलाधर नाना माझ्यासाठी काढून ठेवतात. माणूस जाणता आहे, एकदाही रडकं पुस्तक दिलेलं नाही. उषाचं मात्र लक्ष नसतं. आणलेलं पुस्तक दोन-दोन दिवस गव्हाच्या कोठीवर पडून राहतं. मागितलं की म्हणते, विसरलेच. भाजी बरी विसरत नाही.

७ एप्रिल

आज पुन्हा पिन सापडली.

बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. आमच्या वाचनालयात एक बाई आहे, ती माझ्या आधी तीच पुस्तकं वाचते. खूण म्हणून केसांची काळी पिन घालते आणि काढायची विसरते. पहिल्यांदा मला राग आला. म्हटलं, कोण ही भवानी, वाचनालयाचं पुस्तक म्हणजे हिचा अंबाडा आहे का? आता सवय झाली. मी तिचं नाव पिनवाली ठेवलंय.

रहस्यकथा वाचून वाचून मला थोडं समजायला लागलंय. पिनवाली घाईत वाचते. पिन कधी प्रकरणाच्या शेवटी नसते. खुनी दार उघडतो आणि त्याच पानावर पिन. म्हणजे तिकडे दूध उतू गेलं असणार. एका पानाला तेलाचं बोट होतं, वास घेतला तर लसूण. सैपाकघरात वाचणारी बाई. आणि रिकामी बडबड असेल तिथं ती थांबतच नाही, हे मला फार आवडतं. अशी एक बाई घरात असती तर दुपार बरी गेली असती. इथं दुपारी मी आणि पंखा. उषा सैपाकघराचं दार लोटून घेते. म्हणे, चुलीची झळ बाहेर येऊ नये.

सापडलेल्या पिना मी चष्म्याच्या डबीत टाकते. उषाला देत नाही. तिच्या स्वतःच्या पिना रोज हरवतात, पाकीट आणलं की संपतं. डोकं आहे की चाळण.

१२ एप्रिल

बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दिवस आले. ह्या गल्लीत सावड असते. आज बेबाबाईची गच्ची, मग साबेराची, शेवटी आमची. ज्याच्याकडे काम, त्याच्याकडे सगळ्या जातात. ज्वारीचा घाटा शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत ओल्या कापडावर गरम गरम थापायचा. माझी बोटं वाकडी झाल्यापासून माझा बिबडा हिंदुस्थानच्या नकाशासारखा होतो. गेल्या साली बेबाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "अक्का, तू बस ना माय. तुना हातना बिबडा कुत्रं बी खात नही."

बसते तर बसते. पण फुकट बसणं मला जमत नाही. सावडीत हात लावला नाही तर उद्या माझ्या गच्चीवर कोण कोणत्या तोंडानं येईल? म्हणून गेल्या सालापासून त्या थापतात आणि मी पुस्तक वाचून दाखवते. हीच माझी सावड.

यंदा निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आहे. बाइंडिंग साबेराच्या नवऱ्यानं केलंय, नासीरनं. पाठीवरचं नाव त्यानं झाकून टाकलंय, त्यामुळे पुस्तकाला नाव नाही. गोष्ट मंदाकिनीची आहे. लग्न झालेली, घरात राबणारी बाई. तिला लांब समुद्राकाठच्या गावात नर्सची नोकरी लागते. नवरा नाही म्हणतो, सासू तोंड फिरवते, आणि ही ट्रंक उचलून निघते.

"मंग काय व्हयनं वं अक्का?" बेबाबाईचा हात घाट्यातच राहिला.

"थापशील तर सांगीन."

साबेरा म्हणाली, "अक्का, नवरा घ्यायला येतो की नाही? नासीर तर बस चुकली म्हणून घरी परत आला असता."

सगळ्या हसल्या. उषा खालून घाट्याचं पातेलं घेऊन आली होती, तीच तेवढी हसली नाही. पातेलं धरून जिन्यात उभी. मी म्हटलं, "बाई, तो घाटा गार होऊन त्याचा गोळा होईल, ठेव खाली."

१४ एप्रिल

निळं पुस्तक संपवलं आणि फेकून द्यावंसं वाटलं. वाचनालयाचं नसतं तर फेकलंच असतं.

मंदाकिनी तिकडे चांगली रुळते. बोटीत बसून बाळंतपणं करायला जाते. गाव तिला बाई म्हणायला लागतं. आणि शेवटच्या प्रकरणात काय? सासू पडते, पाय मोडतो. नवऱ्याची तार. ही राजीनामा देते, घरी येते, सासूच्या पायाला तेल लावते, सासू तिच्या डोक्यावरून हात फिरवते. संपलं.

अरे, सासूचा पाय मोडला तर लेकाचे हात कुठं गेले होते? लिहिणाऱ्याला शेवट सुचला नाही म्हणून त्यानं म्हातारीला जिन्यावरून ढकललं. आम्ही काय पुस्तकं संपवण्यासाठी पडायचं?

पिनही होती. ऐन राजीनाम्याच्या पानावर. पुढची पानं अगदी कोरी, वाचल्याची सुरकुती नाही. पिनवालीनं तिथंच पुस्तक मिटलं असणार. शहाणी.

१६ एप्रिल

आज आमच्या गच्चीवर शेवटचं प्रकरण वाचायचं होतं. पुस्तक उघडलं, चष्मा लावला, आणि तोंडातून ते काही निघेना. बायका गरम घाट्यात हात भाजत बसल्यात आणि मी त्यांना तेल लावायचं प्रकरण वाचू?

मग पानावर बोट ठेवून मी माझंच सांगितलं. सासू पडते, पाय मोडतो. नवरा तार लिहायला बसतो. सासू खाटेवरून ओरडते, "तार केलीस तर दुसरा पाय मी स्वतः मोडीन. पाणी तापव आधी." मग तो पाणी तापवायला शिकतो. मंदाकिनी दिवाळीला येते तर सासू लंगडत दारात. म्हणते, "आलीस? बरं झालं. मुक्काम किती दिवस, ते आधी सांग, पोरींची बाळंतपणं खोळंबली असतील."

साबेरानं ओढणीनं डोळे पुसले. म्हणे धूर गेला. गच्चीवर कसला धूर?

बेबाबाई मात्र संशयी. "हाई बठ्ठं पुस्तकमा शे? का घरनं शे?"

"छापलेलं आहे," मी म्हटलं. "तुला वाचता आलं असतं तर दाखवलं असतं."

उषा कठड्याजवळ कापड पिळत होती. सगळं पाणी निघून गेलं तरी पिळतच होती. मग माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, काय गं, माझ्या तोंडाला घाटा लागलाय का? नाही म्हणाली आणि खाली गेली.

२ मे

बिबडे डब्यात भरून झाले. दोन बऱ्या कथा वाचल्या, एका भुताची आणि एका वकिलाची. भूत जास्त खरं वाटलं.

आज घरात वेगळंच निघालं. जेवताना उषानं ताटाशेजारी एक कागद ठेवला. साक्रीच्या पुढे डोंगरात एका संस्थेची आश्रमशाळा आहे, तिथं मुलींच्या वसतिगृहाला अधीक्षिका पाहिजे. हिनं मार्चमध्ये मुलाखत दिली, घरात कोणाला न सांगता. निवड झाली. जूनमध्ये रुजू व्हायचं. तिथंच राहायचं, सुटीला घरी.

अभिमननं घास खाली ठेवला. माझा लेक एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे, एरवी घास खाली ठेवत नाही.

"आणि आईचं कोण बघेल?" तो म्हणाला.

उषा माझ्याकडे बघायला लागली. तोही. दोघं असे बघत होते, जसा काही निकाल माझ्या तोंडात आहे.

मी म्हटलं, "वरणात मीठ कमी आहे."

३ मे

बीपी वाढलंय. मोजलं नाही, पण वाढलंच असणार.

ह्या वयात मला सोडून निघाली. आणि मुलाखत चोरून दिली. माहेरी अमळनेरला जाते म्हणून गेली होती ती ह्यासाठीच असणार. साक्रीच्या पुढे तर जंगलच. दुपारी मी पडले तर? सैपाक कोण करील? माझ्या बोटांनी भाकरी थापली जात नाही. अभिमनला चहा येतो, तोही गोडमिट्ट.

मंदाकिनीचं वेगळं होतं. ते पुस्तक होतं.

५ मे

बेबाबाईला कोणी सांगितलं देवाला ठाऊक. सकाळी नळावर तिनं मला गाठलंच.

"काय वं अक्का, सून नोकरीले चालनी म्हने? आन तू तोंड फुगाडी बठनी?"

"माझं तोंड, मी फुगवीन."

"पुस्तकमधली सासूना तोंडमा साखर, आन घरनी सासूना तोंडमा मिरची!" असं म्हणून फिदीफिदी हसली. अख्ख्या नळानं ऐकलं. साबेरा माझी कळशी उचलायला पुढं आली, तीही खाली बघून हसत होती. मला वाटलं, आपणच सांगितलेली गोष्ट अशी आपल्याच पायात अडकते.

घरी येऊन विचार केला. सोपा उपाय आहे. निळं पुस्तक अजून परत गेलेलं नाही. शेवटचं प्रकरण उघडायचं, उषापुढं ठेवायचं. म्हणायचं, बाई, मी सांगितलं ते खोटं, छापलेलं हे आहे, मंदाकिनी परत येते. बी.ए. आहे, छापलेल्याला मान देईल.

६ मे

ठेवलं पुढं.

ती लसूण सोलत होती. मी म्हटलं, "गच्चीवर मी जो शेवट सांगितला तो माझ्या पदरचा होता. खरा हा आहे. सासू पडते आणि ती नोकरी सोडून येते. वाच."

तिनं पुस्तकाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मला माहीत आहे आई."

"तुला कसं माहीत? तू कधी वाचतेस?"

तिचा हात केसांकडे गेला, तिथंच राहिला. मला वाटलं उवा झाल्या की काय.

मग म्हणाली, "तुम्हाला खरा शेवट माहीत होता. पुस्तक हातात होतं. मग तो वाचून का नाही दाखवलात?"

"कारण तो फालतू होता."

"हो ना," ती म्हणाली, आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

मी निळं पुस्तक घेऊन बाहेर आले. पंखा फिरत होता. एवढ्या वर्षांत हिच्याशी पहिल्यांदाच पुस्तकावर बोलले आणि हरले. उत्तर मीच तोंडानं दिलं होतं, तिनं नुसतं हो म्हटलं.

ह्या डायरीत खोटं लिहून काही मिळणार नाही. मला भाकरीची काळजी नाही. भाकरी साबेराच्या सुनेकडून विकत मिळते. मला धास्ती ही आहे की दुपारी सैपाकघराच्या लोटलेल्या दारामागून भांड्याचा आवाज येणार नाही. आवाज न येणं हे काही आजारपण नव्हे. त्याला औषध मागायला मी कोणाच्या तोंडाकडे बघू?

९ मे

आज अभिमननं पुन्हा काढलं. संस्थेला फोन करून नाही सांगून टाक म्हणे. "आईचं कोण बघेल? मी डेपोत. आई पडलीबिडली तर?"

मी म्हटलं, "मी काय कोणाच्या पुस्तकात राहते, शेवट आला की पडायला?"

त्याला कळलं नाही. उषाला कळलं, तिनं पदर तोंडाला लावला.

"आई, थट्टा नाही. सैपाकाचं काय?"

"तू अख्ख्या बसचं इंजिन उघडतोस, तुला कुकर उघडता येत नाही?"

"आई..."

"माझं नाव पुढं करू नको. तुला बायको पाहिजे असेल तर तसं सांग, ते मी समजू शकते. पण मी आजारी नाही, पडलेली नाही, आणि माझ्यामुळं राहिली असं ही जन्मभर म्हणणार. एवढं सामान मला वर घेऊन जायचं नाही."

 तो उठून सैपाकघरात गेला. कुकर ओट्यावर घेऊन त्याचं झाकण उलटंसुलटं करून बघायला लागला, गाडीचा पार्ट बघतात तसा. म्हणाला, "ह्याची रिंग कामातून गेलीये. एवढे दिवस सांगितलं का नाही?"

उषा म्हणाली, "सांगितलं होतं. तीनदा."

१४ जून

उषा गेली. सकाळच्या एसटीनं. अभिमन बसवून देऊन आला. एक बॅग, एक वळकटी. पाया पडली. मी म्हटलं, "पोरींना धाकात ठेव. आणि पिना जास्त घेऊन जा, तिकडे दुकान लांब असेल." तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं आता रडते. पण रडली नाही. ह्या बाबतीत ती ह्या घरची झालीये.

बाकी काही घडलं नाही. दुपारी झोप आली नाही. भूतवालं पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं.

२१ जून

अभिमनची खिचडी आता खाण्यासारखी होते. पहिल्या दिवशीची नासीरच्या डिंकासारखी होती, पुठ्ठा चिकटला असता.

पुस्तकांचं वाईट चाललंय. अभिमन वाचनालयातून घेऊन आला, एक शेअर बाजारावरचं आणि एक जाडजूड रडारड. म्हटलं, लीलाधर नानांना झालं काय? इतकी वर्षं नाडी ओळखणारा माणूस. दोन्ही पुस्तकांत पिन नाही. शोधली, पान न् पान झटकून. पिनवालीही वाचनालय सोडून गेली वाटतं. एकाच महिन्यात सगळ्या निघाल्या.

२४ जून

मीच गेले वाचनालयात. रिक्षा केली. साबेरा सोबत होती. जिन्यावर मी जाणार नव्हतेच, साबेरानं वर जाऊन नानांना खाली बोलावलं. बिचारा रजिस्टर ठेवून आला.

मी पायरीवर बसूनच सुरू केलं. "नाना, वय झालं का तुमचं? माझ्यासाठी काय काढून ठेवता हल्ली? शेअर बाजार?"

नाना गोंधळले. "मी कुठं काढून ठेवतो अक्का? मला एवढ्या सगळ्यांचं कुठं लक्षात राहायला? तुमची पुस्तकं उषाताई निवडायच्या ना. कपाटापुढं उभ्या राहून चाळत बसायच्या. मी म्हणायचो, ताई, भाजी सुकेल. त्या म्हणायच्या, नाना, आईंना रडकं चालत नाही."

साबेरा माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "ऊन फार आहे हो नाना यंदा."

"उषाताई येत नाहीत का आता?"

"नोकरीला आहे ती. साक्रीकडे. अधीक्षिका." मग म्हटलं, "मला रडकं नको आणि शहाणपणाचंही नको. एखादी घर सोडून गेलेली बाई असेल तर बघा. आणि जाड पाहिजे."

रिक्षात साबेरा म्हणाली, "अक्का, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, "तू गप बैस."

२८ जून

नानांनी दिलेलं पुस्तक बरं निघालं. एक बाई सर्कशीत हिशेबनीस म्हणून जाते आणि शेवटी सर्कसच चालवायला लागते. वाचत होते तेव्हा खिचडीच्या शिट्ट्या किती झाल्या ते कळलं नाही, अभिमन बाहेरून ओरडत आला. ते पान मी लक्षात ठेवलं.

उद्या रविवार. अभिमन साक्रीला जातोय. पिशवीत बिबडे भरले, लसणाची चटणी भरली, आणि वर हे पुस्तक ठेवलं. ह्या खेपेला आधी मी वाचलंय. शिट्टीच्या पानावर खुणेला एक पिन घातली.

शेवट मात्र ह्याही माणसाला साधलेला नाही. शेवटी सर्कशीला आग लागते. का लागते? ह्यांना बाईनं चालवलेलं काही उभं राहिलेलं बघवत नाही. म्हणून चष्म्याची डबी उपडी केली आणि साठलेल्या सगळ्या पिना शेवटच्या प्रकरणाच्या कडेला ओळीनं खोचल्या. आता ते उघडत नाही.

अभिमन म्हणाला, "आई, हे काय केलंस? पुस्तक वाचनालयाचं आहे."

मी म्हटलं, "तिला सांग, इथवरच वाचायचं. शेवट घरी आल्यावर मी सांगीन."